आधी पुरुषाची तपासणी

ईरा आणि कबीर,

तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहिते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, मामीआजीला मुलं का नाहीत? ती, म्हणजे शालिनी, माझ्या शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "नशीब." पुरुषांच्या वंध्यत्वावर नोकरीभर संशोधन केलेल्या बाईचं हे उत्तर. ते खोटं होतं. खरं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं आणि मी आता थकले आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी मिरज सोडलं तेव्हा तुमचा बाबा चार वर्षांचा होता. आजोबा आधीच बेंगळुरूला गेले होते आणि मलाही इथल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. रिक्षा दारात उभी होती, माझा धाकटा भाऊ प्रकाश ट्रंक चढवत होता. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची आमची रीत. प्रकाशची बायको शालिनी वाटी घेऊन बाहेर आली. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आईने वाटी तिच्या हातातून काढून घेतली. "तू राहू दे. शुभ कामाला निघालीय ती." मी आईच्या हातचं दही खाल्लं आणि रिक्षात बसले.

बेंगळुरूत आम्ही राहायचो त्या एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. मी कामापुरती कन्नड शिकले. मूल न होणाऱ्या जोडप्यांत बायकोच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालत, नवरा मात्र बाहेर पेपर वाचत बसे. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचे: आधी पुरुषाची तपासणी.

दोनेक वर्षांनी प्रकाश आला. घरी ऑफिसचं काम सांगून आला होता. तपासलं, तर त्याच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. कारण शोधायला मी त्याच्या रक्ताचा नमुना लावला. वाय गुणसूत्राचे शुक्राणू घडवणारे ठरावीक भाग शाबूत असले की जेलवर, म्हणजे तपासणीच्या जेलीसारख्या थरावर, चमकत्या पट्ट्या दिसतात. शेजारच्या नमुन्यात त्या सगळ्या होत्या. प्रकाशच्या रांगेत मधल्या काही जागा काळ्या. गुणसूत्राचा तो तुकडा जन्मापासूनच नव्हता, यात त्याचा काय दोष? मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "ताई, आईला कळता कामा नये. आणि हिलाही नको."

रिपोर्ट पेशंटचा असतो, हाही माझाच नियम. तो मी पाळला. दर सुट्टीत मिरजेला गेले की आई म्हणायची, "शालिनीची कूस काही उजवली नाही." मी मान खाली घालून जेवायचे. शेजारच्या बारशाला शालिनी घरी थांबायची. पुढे आई अंथरुणाला खिळली, तर तिचं सगळं शालिनीनेच केलं. आई गेली ती तेच धरून गेली.

प्रकाश गेल्या वर्षी गेला. मिरजेचं घर विकून शालिनी माझ्याकडे आली, दोन बॅगा आणि मांडीवर विरजणाचा डबा घेऊन. आता भाजीवाल्या अक्काशी ती माझ्याहून बरं कन्नड बोलते. "स्वल्प", म्हणजे थोडंसं, म्हणते आणि मूठभर कोथिंबीर जास्त आणते. मला म्हणते, "तुम्ही वन्सं, परीक्षा दिल्यासारखं बोलता."

तुमच्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं. ती घेवडा निवडत होती. सगळा निवडून संपवला. मग म्हणाली, "मला नसतं सांगितलंत तरी चाललं असतं, वन्सं. सासूबाईंना एकदा सांगायचं होतंत."

नियम पाळला म्हणून मी बरोबर होते, असं इतकी वर्षं वाटायचं. आता तसं वाटत नाही. चारचौघांत निदान "दोष शालिनीचा नाही" एवढं म्हणता आलं असतं. त्याला रिपोर्ट लागत नव्हता.

हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. "लिहा. माझं नाव घालून लिहा," म्हणाली. प्रकाशची परवानगी राहिलीच.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले, तर शालिनी वाटी घेऊन दारात आली. मी हात पुढे केला.

मिरजेचं घर आता नाही. आई नाही, प्रकाश नाही. शालिनी आहे, आणि तिने आणलेल्या विरजणाचं दही अजून रोज लागतं.

— आजी