लग्नाचा पुरावा

लग्नाच्या अकराव्या वाढदिवसाला आम्ही दोघं पहिल्यांदाच बाहेर राहायला निघालो होतो, एका रात्रीसाठी. तेव्हा मी नवऱ्याला 'हे' म्हणायचे. आमचे हे असे, आमचे हे तसे. आता 'तो' म्हणते. कुणाला खटकलं तर खटकू दे.

त्याआधी साडेतीन महिन्यांची गोष्ट. सेकंड शिफ्टनंतर कंपनीची बस मोशीच्या अलीकडे बंद पडली आणि माझा फोनही मेला होता. घरी पोचले तर त्यानं काही न विचारता कुकरचं झाकण उचललं आणि कपाळावर हाणलं. चार टाके पडले. कंपनीत मी सांगितलं, ओट्याचा कोपरा लागला. आमची लाइन लीडर म्हणाली, "अगं बाई, तुझा ओटा फारच उंच दिसतोय." सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसरं काय करणार होते?

पोरीला घेऊन मी तळेगावला माहेरी गेले. पंधराव्या दिवशी तो आईला घेऊन आला, माझ्या वडिलांसमोर कान धरले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "एकदा, फक्त एकदा जरी हात उचललात, तरी पोरीला घेऊन निघेन ती परत तुमच्या कुरुळीत पाय ठेवणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "बोलती खरी, पर बाईमाणूस जाणार कुठं हाय?" तो मात्र म्हणाला, मान्य. आणि खरं सांगते, तीन महिने माणूस सुतासारखा सरळ वागला. रिसॉर्टची कल्पनाही त्याचीच. तळेगावच्या पुढं, धरणाच्या रस्त्याला. मला वाटलं, सुधारला. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं वाटावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते.

त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. सकाळीच त्यानं पोरीला माहेरी सोडलं आणि साडेतीनला बाइक घेऊन गेटवर आला. आमच्या प्रेस शॉपमध्ये अंगावर धातूचं काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, सगळं लॉकरमध्ये. मशीनमध्ये काही अडकलं तर दागिन्यासकट हात जातो. शिफ्ट सुटल्यावर वॉशरूममध्ये मी नवा ड्रेस घातला, लिपस्टिक लावली. पोरी चिडवत होत्या, "आज हनिमून राव, हनिमून!" त्या गडबडीत लॉकर तसाच राहिला. गळा मोकळा आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण आठ-आठ तास तो मोकळाच असतो.

चाकण-तळेगाव रस्त्याला कंटेनरची रांग लागलेली. एका छोट्या टेम्पोनं कट मारला, माझ्या गुडघ्याला आरसा घासून गेला. त्यानं बाइक आडवी घातली, टेम्पोवाल्याला गचांडी धरून खाली ओढलं आणि त्याचं तोंड दारावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. तो माणूस हात जोडत होता, नाकातून रक्त दाढीत उतरत होतं. परत येऊन म्हणाला, "तुला धक्का लावतो म्हणजे काय?" मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. माझ्यासाठी कुणीतरी भांडलं होतं. ते हात मला ओळखीचे होते, आणि तरीही.

रिसॉर्टच्या काउंटरवर पन्नाशीचे एक मॅनेजर होते, गोड बोलणारे. त्यांनी दोघांची आधार कार्डं पुढं-मागं करून पाहिली. माझ्या कार्डावर माहेरचंच नाव आहे. कंपनीत पीएफ त्या नावावर, नाव बदललं की पीएफ अडकतो, म्हणून आमच्या लाइनवरच्या निम्म्या बायका कागदोपत्री अजून बापाच्याच नावानं जगतात. पत्ते तर दोघांचे इथलेच, आणि दोन कार्डांवर दोन वेगळे.

"लोकल जोडप्यांना आम्ही खोली देत नाही," मॅनेजर म्हणाले. "उगाच भानगडी होतात. लग्नाचा काही पुरावा आहे का?"

"लोकल म्हणजे काय?" तो उसळला. "आमच्याच जमिनी घेऊन उभं राहिलंय हे सगळं, आन् आमालाच खोली न्हाई?"

मॅनेजर त्याच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नाव वेगळं, गळ्यात मंगळसूत्र नाही. तुम्ही मर्जीनं आलात ना? काही असेल तर निर्धास्त सांगा. आम्ही आहोत इथं."

माझा हात गळ्याकडं गेला. त्यानं पाहिलं. "कुठंय?" म्हणाला. मी म्हटलं, "लॉकरलाच राहिलं." फोनमध्ये लग्नाचा फोटो शोधायला लागले तर सगळे पोरीचेच. मागं सोफ्यावर दोन कुटुंबं बसली होती, टक लावून आमच्याकडं बघत होती. वातावरण सैल व्हावं म्हणून मी म्हटलं, "अहो काका, पळून आलेलं जोडपं असं असतं का? ह्यांचं पोट तरी बघा!"

लोक हसले. मॅनेजरही हसले.

त्यानं माझ्या कानशिलात लगावली. मी काउंटरवर आपटले, सरळ होतेय तोवर दुसरी. मग केस धरून डोकं मागं खेचलं, "लोकांपुढं इज्जत काढतीस?" म्हणाला आणि तिसरी तोंडावर. ओठ फाटला. उघड्या रजिस्टरवर रक्त सांडलं. सोफ्यावरच्या एका बाईनं आपल्या मुलाचे डोळे झाकले.

मॅनेजर टिश्यूनं रजिस्टर पुसत म्हणाले, "राहू द्या हो, राहू द्या. आलं लक्षात. नवरा-बायकोच आहेत." आणि त्यांनी किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

एवढं पुरलं त्यांना! अकरा वर्षांचा संसार, एक लेक, त्यातलं काहीच चाललं नव्हतं. त्यानं मारलं, आणि खोली मिळाली.

त्यानं सही केली, किल्ली घेतली, काउंटरवरचं हेल्मेट उचललं. "चल." मी म्हटलं, "मी येत नाही." त्यानं मनगट पिरगाळून मला जिन्याकडं ओढलं. मी पायरीवर पडले, कठड्याचा खालचा गज धरला तर त्यानं बुटाच्या टाचेनं माझी बोटं ठेचली. मी ओरडले, "काका, पोलिसांना फोन करा!"

"वहिनी," मॅनेजर म्हणाले, "घरातलं घरात मिटवा. गेस्ट आहेत इथं."

पाच मिनिटांपूर्वी मी मॅडम होते. कुणी उठलं नाही. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. मी त्याच्या हाताला चावले, दात मांसात गेले तरी सोडलं नाही. तो कळवळून वाकला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातातलं हेल्मेट मी हिसकावलं आणि गुडघ्यावर घातलं. खाड्कन आवाज आला. तो पायरीवर बसला, आईवरून शिव्या द्यायला लागला. मी आणखी एक घातली. ती रागाची होती, गरजेची नव्हती, आणि तिचा मला आजही पस्तावा नाही. मग पळाले.

शेअर रिक्षानं तळेगाव गाठलं तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं दार उघडलं आणि "अगं बाई गं!" म्हणून तोंडावर पदर घेतला. वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाले, "आधी जेवून घे. रागाच्या भरात होतं कधी कधी. सकाळी मी तुम्हा दोघींना सोडतो कुरुळीला, जावयांशी बोलतो." माझ्या अंगात वाद घालायची ताकद उरली नव्हती. सकाळी त्यांनी नुसतं चल म्हटलं असतं तर मी गेलेही असते. खोटं कशाला बोलू?

आतल्या खोलीतून लेक आली. नऊ वर्षांची. रडली नाही, घाबरली नाही. माझा ओठ जवळून पाहिला आणि शाळेतलं काही विचारावं तशा आवाजात म्हणाली, "केक कापायच्या आधी मारलं की नंतर?"

"आधी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग माझ्या वडिलांकडं वळली.

"आबा, उद्या आम्हाला सोडायला यायचं नाही. पप्पांनी एकदा मारलं."