वजीरभाईचं बैठका मोजणारं मशीन

बैठका मोजायला मशीन लागतं का? न्हाई लागत. मारणारा एक, मोजणारा एक, झालं काम. हे मी वजीरभाईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शेजारणीचं ऐकलं तर तो वजीरभाई कसला.

तळेगाव ढमढेऱ्यात माझी पिठाची गिरणी आन् भिंतीला भिंत लावून त्याचं दुकान. टीव्ही, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, सगळं दुरुस्त करायचा. हाताला कसब होतं, खोटं कशाला बोलू. पण माणसाला एक खोड होती. कुणाच्या तरी मोटारीचं काम अर्धवट टाकून तो भलतंच काहीतरी जुळवत बसायचा. माझ्या गिरणीची मोटार जळाली, बायका डबे घेऊन दारात उभ्या, आन् हा आपला मांडीवर कॅल्क्युलेटर उघडून बसलेला. तोही पोरीचा. सबीना अकरावी कॉमर्सला होती, तिच्या दप्तरातून काढलेला.

"पार्वतीबाई, हे बघा," म्हणाला, "शून्य, अधिक, एक. आता बरोबरचं बटण दाबत जा."

मी दाबलं. एक आला. परत दाबलं, दोन. मग तीन, मग चार.

"मग?" म्हणलं मी. "मला पण येतंय चारपर्यंत."

त्यानं त्या बरोबरच्या बटणातनं दोन वायरी बाहेर काढल्या आन् एका लाकडी पट्टीखाली बसवल्या. पट्टी जमिनीपासून वीतभर उंच. बैठक मारणारा पुरता खाली गेला की बूड पट्टीला टेकणार, वायरीला वायर लागणार, आकडा एकानं वाढणार. अर्ध्यातनं उठला तर वाढणार न्हाई. एवढंच मशीन. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची.

पहिल्यांदा ते त्यानं गावच्या तालमीत नेलं. तिथं चांगदेव वस्ताद. तीस वर्षं रोज पाचशे बैठका मारतो म्हणून पंचक्रोशीत नाव. वस्ताद लंगोट कसून मशीनवर उभा राहिला, पोरांनी गोल केला, आन् पाचशे झाल्या म्हणून वस्ताद थांबला तवा मशीन म्हणालं तीनशे अडतीस.

वस्तादानं मशीनवर वाकून आकडा परत वाचला.

"तुझ्या मशीनमधी बिघाड हाय," वस्ताद म्हणाला.

"बिघाड न्हाई वस्ताद. तुम्ही पुरतं खाली जात न्हाई," वजीरभाई म्हणाला. असं कुणी तोंडावर सांगतं का? पण त्याला वाटलं खरं हाय म्हणून सांगावं. नाचता येईना अंगण वाकडं, तशी वस्तादाची गत. वस्तादानं मशीन दाराबाहेर ठेवायला लावलं आन् परत आत आणायचं न्हाई म्हणून बजावलं.

तिथनं तीन वर्षं हेच. शिरूरला एक नवी व्यायामशाळा निघाली होती, आरसे बिरसे लावलेली. तिथं नेलं तर मालक म्हणाला, गिऱ्हाईक शंभर मारतंय आन् हे साठ दाखवतंय, उद्या कोण येईल माझ्याकडं? एका शाळेत नेलं, तिथल्या पीटीच्या मास्तरानं स्वतः दहा मारल्या, चार आल्या, आन् मास्तर म्हणाला सेल उतरला असंल. दर वेळेला वजीरभाई मशीन घेऊन परत यायचा, उघडायचा, साफ करायचा, पट्टी बदलायचा, वायर बदलायचा. बिघडलेलं काहीच नसायचं. न बिघडलेली वस्तू दुरुस्त करत बसणं हे काय सुख हाय होय? त्याची बायको चांदबी माझ्याकडं दळण घेऊन आली की म्हणायची, "भाबी, टीव्ही आलेत दुरुस्तीला, ते तसेच पडलेत." मी काय सांगणार. मी स्वतः हात टेकले होते.

आता म्हाळूचं सांगते. म्हाळू आमच्या बाजारातला हमाल. तिशीचा गडी. शंभर किलोचं पोतं असं उचलायचा की पाहणाऱ्याला पोतं रिकामं वाटावं. रोज सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी माझ्या गिरणीमागं बैठका मारायचा, आन् मोजायची मी. वीस झाल्या की ज्वारीचा एक दाणा बाजूला. कधी पंचेचाळीस दाणे, कधी अठ्ठेचाळीस. तालमीत त्याला कुणी उभं केलं न्हाई, पण पुरतं खाली जाणारा माणूस मी तेवढाच एक बघितला. वजीरभाईनं एकदा मशीन लावून बघितलं. माझे दाणे आन् मशीनचा आकडा, दोनाचा फरक. वजीरभाई त्या दिवशी लहान लेकरासारखा हसत होता. म्हणाला, "पार्वतीबाई, एक तरी निघाला."

दोन हजार साली राहू गावच्या जत्रेत बैठकांची स्पर्धा होती. दरसाली व्हायची आन् दरसाली मोजणीवरनं भांडणं. राहूचे मारुतराव, बडे बागायतदार, शाळांच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांनी वजीरभाईला बोलावून घेतलं. म्हणाले, यंदा मोजणी मशीनवर. नीट झालं तर आमच्या अकराही शाळांत तुमचं मशीन बसवतो. वजीरभाई परत आला तो माझ्या गिरणीच्या उंबऱ्यावरच बसला. तीन वर्षांनी कुणीतरी हो म्हणलं होतं. मी चहा केला, त्यानं नुसता हातात धरला.

म्हाळूनं नाव दिलं. आम्ही सगळे जीपनं राहूला गेलो, वस्तादही तालमीतली पोरं घेऊन आला.

स्पर्धेच्या आधी मारुतराव मशीनपाशी आले. मी तिथंच होते, जाजमावर बायकांत पुढं. मारुतरावांचा मुलगा इंद्रजीत दरसालचा विजेता.

"मशीन ठीक हाय ना वजीरभाई?"

"एकदम बरोबर हाय साहेब."

"बरं. गेल्या साली इंद्रजीतच्या हजार वीस झाल्या व्हत्या. साऱ्या गावानं मोजल्यात. यंदा कमी आल्या तर लोकं त्याला न्हाई हसणार, मशीनला हसतील." एवढं बोलले आन् खुर्चीवर जाऊन बसले. आवाज चढवला न्हाई, धमकी दिली न्हाई. वर पान खायला दिलं.

म्हाळू आधी उभा राहिला. चौथ्या शंभरापर्यंत लोक गप्पा मारत होते, सातव्याला गप्प झाले. शेवटाला पाय थरथरत होते तरी पुरता खाली जात होता. थांबला तवा माईकवरच्या माणसानं आकडा वाचला, नऊशे चौसष्ट. माझ्या मुठीत अठ्ठेचाळीस दाणे आन् वर चार बैठका.

मग इंद्रजीत. गोरा, उंच, दंडाला तेल लावलेला. सुरुवात झोकात केली. तीनशेनंतर पट्टीला टेकणं कमी झालं. पाचशेनंतर चार मारल्या तर एक लागायची. आकडा पुढं सरकंना. माईकवरचा माणूस मारुतरावांकडं बघायला लागला. मारुतराव वजीरभाईकडं बघत होते.

टेबलाला चादर टाकली होती, पण आम्ही जाजमावर बसलेलो, आमचे डोळे चादरीच्या खाली. वजीरभाईच्या पायापाशी एक दारावरच्या घंटीचं बटण होतं. मशीन तपासायला ठेवलेलं, ते दाबलं की बैठक न मारता आकडा वाढतो. वजीरभाईनं चप्पल काढली. उजव्या पायाचा अंगठा बटणावर ठेवला.

बाकीच्या बायकांचे डोळे इंद्रजीतवर, मी अंगठा बघत राहिले. इंद्रजीत खाली वाकला की अंगठा खाली. इंद्रजीत वर आला की अंगठा वर. दोनशे, तीनशे, साडेतीनशे वेळा. वजीरभाईच्या तोंडाकडं बघावं तर घामानं भिजलेलं, जसा काही तोच बैठका मारतोय. माझ्या मुठीत ज्वारी होती. मी उठून बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोलले. वाटलं, तीन वर्षांनी त्याचं काहीतरी मार्गी लागतंय, आपण का आडवं जावं. आजही ती ज्वारी मुठीत हाय असं वाटतं.

एक हजार एकवीस. हलगी वाजली. मारुतराव माईकवर म्हणाले, माणूस खोटं बोलंल, मशीन खोटं बोलत न्हाई. टाळ्या पडल्या. आन् सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवाव्यात? चांगदेव वस्तादानं.

परत येताना जीपमध्ये म्हाळू माझ्या शेजारी होता. म्हणाला, "बाई, मला वाटायचं इंद्रजीतशेठचा नुसता बडेजाव हाय. पण गडी खरंच तयारीचा निघाला. आपलीच उडी तोकडी." वजीरभाई पुढं ड्रायव्हरजवळ बसला होता. त्यानं मान वळवली न्हाई.

दुसऱ्या सकाळी म्हाळू आला न्हाई. तिसऱ्याही न्हाई. मी दाणे काढून ठेवले होते, ते तसेच दळणात टाकले. चौथ्या दिवशी मी भिंतीपलीकडं गेले आन् वजीरभाईला म्हणलं, "मी अंगठा बघितलाय."

त्यानं पाय पुढं केला. अंगठा सुजून काळानिळा झाला होता. म्हणाला, "बरं झालं कुणीतरी बघितला."

त्याच संध्याकाळी त्यानं मशीन उचललं आन् तालमीत नेलं. ह्या वेळेला वस्तादानं अडवलं न्हाई. बाजारातनं म्हाळूला बोलावून घेतलं. मीही गेले, बाईमाणूस असून दारात उभी राहिले. वजीरभाई सगळ्यांसमोर खाली बसला, बटण अंगठ्याखाली घेतलं आन् दाबून दाखवलं. पन्नास, साठ, सत्तर. "असा मी राहूला दाबला," म्हणाला. "इंद्रजीतच्या सातशे पण झाल्या नव्हत्या. म्हाळू जिंकला व्हता."

चांगदेव वस्ताद हसला. "मशीन खोटं बोलत न्हाई वजीर. माणूस बोलतो. सारं गाव बसलं व्हतं तिथं." पोरं पण हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "मी बघितलंय डोळ्यांनी," म्हणलं.

"तुम्ही म्हाळूच्याच बाजूनं बोलणार की बाई. मग तिथं का न्हाई बोललात?"



म्हाळू पुढं आला. वजीरभाईचा सुजलेला अंगठा बघितला, मशीन बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमचा जीव हाय माझ्यावर, मला ठाऊक हाय. पण माझ्यासाठी खोटं बोलू नका." आन् निघून गेला, बाजारात ट्रक उभा होता.

आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. अकरा मशीनं. वजीरभाईनं पत्र मला वाचायला दिलं आन् विचारलं, "न्हाई म्हणलं तर?"

"तवा म्हणायचं होतं," म्हणलं मी. दोघांनाही लागणारं बोलले, कळत होतं मला.

त्यानं अकरा मशीनं केली. जीव तोडून केली. एकातही घंटीचं बटण ठेवलं न्हाई.

दिवाळीच्या आत पहिलं परत आलं. सोबत चिठ्ठी, आकडा कमी दाखवते, दुरुस्त करून द्यावे. मग दुसरं, मग तिसरं. एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे आन् स्टँडवरनं दुकानापर्यंत डोक्यावर आणायचा म्हाळूच, त्याचं कामच ते. संक्रांतीला अकरावं आलं. म्हाळूनं ते बाकीच्या दहांवर ठेवलं आन् गमछ्यानं तोंड पुसलं.

"मामा, काय बिघडलंय ह्यांच्यात?"

"काही न्हाई," वजीरभाई म्हणाला.

"मग दुरुस्त कवा होणार?"

वजीरभाई माझ्याकडं बघायला लागला. गिरणीच्या दारात दळणाच्या बायका खोळंबल्या होत्या. मी आत जाऊन गिरणी चालू केली.