काकूंचं चूर्ण

काकूंनी कुठलीही बाटली समोरच्या बाजूने वाचल्याचं मला आठवत नाही. लोणचं असो, शाम्पू असो की खोकल्याचं औषध, हातात आलं की त्या आधी ते फिरवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ धरून ओठ हलवत वाचायच्या. दुकानात मागे रांग तुंबायची. काका कार्टवर रेलून म्हणायचे, "बाप्पा, लोणचं घ्यायचंय की लोणच्याशी लग्न लावायचंय?" काकू न हसता उत्तर द्यायच्या, "लग्नाच्या वेळी मागची बाजू वाचायची राहिली, म्हणून आता वाचते."

कॅनडात विनिपेगला शिकायला आले तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होते. पुढे लायब्ररीत नोकरी लागली आणि मी जवळच एक कॉन्डो घेतला, पण माझ्याकडे त्यांच्या घराची किल्ली होती आणि रविवारचं जेवण वरच्या मजल्यावर ठरलेलंच. काकू मिरजेला फार्मसी कॉलेजात शिकवत असत. काकांच्या नोकरीमुळे अर्ध्या वयात इकडे आल्या. इथल्या लायसन्सच्या परीक्षा अर्ध्यावर राहिल्या आणि एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून त्यांची वर्षं गेली. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना मनासारखं काम मिळालं. शहराबाहेर तासाभराच्या ड्राइव्हवर जुन्या वस्तीचं एक म्युझियम आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या औषधांच्या दुकानात काकू व्हॉलंटिअर होत्या. काळा पायघोळ झगा, त्यावर पांढरा एप्रन आणि कपाळावर रोजचं कुंकू. पर्यटक त्यांचा फोटो काढायचे तेव्हा त्या शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारख्या ताठ बसायच्या.

त्या दुकानात कपाटं भरून बाटल्या होत्या. एकच बाटली टक्कल, क्षय, जंत आणि उदासपणा बरा करणारी. दात येणाऱ्या बाळांना शांत झोपवणारं सिरप, ज्यात अफू असे. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्या बायका ज्याचे चमचेच्या चमचे घेत, ते रक्तशुद्धीचं टॉनिक, ज्यात बरीचशी दारूच असे. काकू एकेक बाटली उचलून मुलांना विचारायच्या, "व्हॉट इज इनसाइड?" मुलं बाटली फिरवून म्हणायची, "इट डझन्ट से." मग काकू म्हणायच्या, "एग्झॅक्टली." कायद्याने आतलं बाहेर लिहायला लावलं तेव्हा यातली कितीतरी औषधं बाजारातून उठली, असं त्या सांगायच्या. त्या बाटल्या खपत त्या वर्तमानपत्रांतल्या पत्रांवर. कुणी पाद्री, कुणी विधवा लिहायची की मी अंथरुणाला खिळले होते, आज शेतात राबते आहे.

पण त्या काळच्या गिऱ्हाइकांना कुणी हसलेलं त्यांना चालत नसे. एकदा मराठी मंडळाची पिकनिक त्यांनी तिथे नेली. पुण्याचा एक आयटीवाला हसत म्हणाला, "काकू, किती येडी होती ही लोकं."

काकू म्हणाल्या, "बाहेर उणे तीस आहे. डॉक्टर घोडागाडीनं दिवसभराच्या वाटेवर. तुझ्या मांडीवर पोर तापानं फणफणलंय. आणि दारात एक गोड बोलणारा माणूस बाटली घेऊन उभा आहे. काय करशील?"

"गूगल करीन," तो म्हणाला. सगळे हसले, काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "ते येडे नव्हते रे. एकटे होते."

काकांना आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी आशा दिली होती. ऑपरेशन झालं, आता केमो पूर्ण करा, शक्यता चांगली आहे, असं ते म्हणाले होते. काका धडधाकट गडी, पण केमोने पार गळून गेले. पाण्याचाही वास नकोसा झाला. त्याच सुमाराला अमरावतीहून त्यांच्या धाकट्या बहिणीने, सुधाताईंनी, नव्याने येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बॅगेतून चूर्णाचा डबा पाठवला. वर एका महाराजांचं चित्र आणि बऱ्या होणाऱ्या रोगांची नावं, शुगरपासून कॅन्सरपर्यंत. काकूंनी डबा फिरवला. मागे लिहिलं होतं, 'गुप्त वनौषधी'.

काकूंनी हॉस्पिटलमध्ये विचारलं. आत काय आहे ते माहीत नसेल तर अजिबात देऊ नका, लिव्हरवर आधीच ताण आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. काका ऐकेनात. "सुधा माझ्याशी खोटं बोलेल का? तिच्या शेजारचा माणूस उठून बसला." दोन दिवस ते जेवले नाहीत. चूर्ण नाही तर काहीच नाही, असा त्यांचा हट्ट.

त्या रविवारी मी पोळ्यांचा डबा परत द्यायला लवकर गेले, तर काकू मिक्सरवर काहीतरी दळत होत्या. ओट्यावर भाजलेली नाचणी, वेलदोडे, चिमूटभर सुंठ आणि मेथ्या. बाजूला महाराजांचा डबा, धुऊन पुसून रिकामा.

"एकेक वस्तू हॉस्पिटलच्या फार्मासिस्टला विचारून घेतली आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मेथ्या कशाला विचारशील, तर कडू लागलं नाही तर औषध वाटणार नाही."

"काकू, हे बरं दिसतं का?"

"नाही दिसत. पण त्या डब्यातलं पोटात जाण्यापेक्षा बरं."

काका त्या चूर्णावर खरंच सुधारले. म्हणजे जेवू लागले, बागेत खुर्ची टाकून बसू लागले, मला चिडवू लागले. केमोच्या दोन फेऱ्यांमधले बरे दिवस होते ते, की उलटीच्या नव्या गोळ्या, की नाचणी, की सुधाताईंवरचा विश्वास, कोण सांगणार? काकू पहिल्या आठवड्यात खूश होत्या. मग काकांनी फोन हातात घेतला. ज्याला त्याला सांगू लागले, "मी बोलतोय ना, मी. स्वतःचा अनुभव आहे. चार दिवसांत माणसात आलो." नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर त्यांनी डबा हातात धरून व्हिडिओसुद्धा टाकला. काकू स्वयंपाकघरात ते ऐकत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

आणि एक दिवस काकांनी केमोची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. कुणाला न विचारता, स्वतः फोन करून. "बरा झालोय तर विष कशाला टोचून घेऊ?"

काकूंनी समजावलं, रागावल्या, डॉक्टरांशी बोलायला लावलं. एक सोडून सगळं केलं. ती फेरी गेली. दुसरीची तारीखही गेली. मी म्हटलं, "काकू, सांगून टाका." त्या म्हणाल्या, "सांगितलं तर पुन्हा जेवण सोडतील. थोडी ताकद येऊ दे अंगात, मग सांगते."

शेवटी एडमंटनहून काकांच्या मित्राचा, देशमुखांचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता. "भाऊ, तुझा व्हिडिओ पाहिला. आमच्या हिचीसुद्धा केमो चालू आहे. ती म्हणते, केमो नको, मला तेच चूर्ण आणून द्या. सुधाताईंचा नंबर पाठवतो का?"

काका म्हणाले, "आत्ताच पाठवतो."

काकूंनी हात पुढे करून फोन बंद केला. काका बघतच राहिले. काकू त्यांच्या समोर बसल्या आणि वर्गात शिकवावं तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "ते सुधाताईंचं चूर्ण नाही. ते मी फेकून दिलं. तुम्ही खाताय ती नाचणी आहे. वेलदोडा, सुंठ, मेथ्या. मी घरी दळते. देशमुखांच्या बायकोला तिकडून खरा डबा येईल, त्यात काय असेल ते मला माहीत नाही."

काकांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मला बरं वाटत होतं ते?"

"बरं वाटत होतं. पण आजार तसाच आहे. तुम्ही केमोला जायला पाहिजे."

"सगळ्या जगाला मी सांगत सुटलो होतो. तू आत उभी राहून ऐकत होतीस."

"हो."

त्यांनी फोन उचलला. मला वाटलं, सुधाताईंना लावतात. त्यांनी देशमुखांना लावला. "ऐक. मी खाल्लं ते आमच्या घरचं पीठ होतं. वहिनीला केमो सोडू देऊ नको. मी सोडली ती चूक झाली." एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन पडले.

केमो पुन्हा सुरू झाली. त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण काकूंच्या गाडीत ते बसेनात. घरात भांडण असं काही झालं नाही. फक्त काकूंनी समोर काही ठेवलं की काका ताटाकडे बघून विचारायचे, "यात काय आहे?" चहाला विचारायचे, आमटीला विचारायचे, पाण्याच्या ग्लासलाही एकदा विचारलं. काकू दर वेळी सगळं सांगायच्या. "चहापत्ती, गवती चहा, दूध, अर्धा चमचा साखर." चिडून नाही, रडून नाही. काका ऐकून घ्यायचे आणि मग पहिला घास घ्यायचे. माझ्यासमोर हे सुरू झालं की मी ताटात बघत बसायचे.

पुढच्या वर्षी आजार उलटला. मधल्या चुकलेल्या फेऱ्यांमुळे का, असं काकूंनी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. देशमुखांच्या बायकोची केमो मात्र पूर्ण झाली होती. त्या बऱ्या झाल्या. दिवाळीला त्यांनी फराळ पाठवला. काकूंनी तो उघडून ताटात मांडला आणि स्वतः खाल्ला नाही.

शेवटच्या आठवड्यात काका घरीच होते. काकू त्यांना तांदळाची पेज भरवायला बसल्या. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उशी धरून होते. काकूंनी चमचा ओठांशी नेला आणि सवयीने थांबल्या. काकांनी काही विचारलं नाही. त्यांनी तोंड उघडलं. काकू तरी थांबल्याच, मग हळूच म्हणाल्या, "तांदूळ, मीठ, तूप." आणि चमचा तोंडात दिला.

काका गेल्यावर काकू पाच-सहा वर्षं होत्या. म्युझियम त्यांनी सोडलं नाही. पण त्या दिवशी पेजेत काय आहे ते काकांनी विचारलं का नाही, हा प्रश्न त्यांना सुटला नाही. "माफ केलं म्हणून विचारलं नाही, की विचारायचीसुद्धा ताकद नव्हती?" मंडळातल्या बायका म्हणायच्या, अहो, माफच केलं, नक्की केलं. सुधाताईसुद्धा फोनवर तेच म्हणाल्या. काकू ऐकायच्या, मान हलवायच्या आणि विषय बदलायच्या.

या मार्चमध्ये हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला ते पुन्हा विचारलं. खूप थकल्या होत्या, हात कागदासारखा हलका लागत होता. हो म्हणावं, असं मला फार वाटलं. एका शब्दाने त्यांना झोप लागली असती.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, काकू."

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही." आणि माझा हात धरून डोळे मिटून पडून राहिल्या. नर्स येऊन गेली, तरी त्यांनी हात सोडला नाही.