सोनवणे वकील मत मागतात

वकिलाच्या शेजारी वीस वर्षं राहिलं की किस्से आपोआप साठतात. ठेवायला मागची शेड पुरत नाही! मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवून रिटायर झालो, शिक्षण आठवी नापास; पण इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या आमच्या सोनवणे वकिलांवर माझी पीएचडी आहे.

आम्ही मराठी मंडळी दर रविवारी जमतो तो कम्युनिटी हॉल बंद व्हायच्या बेतात होता. तो वाचवायला साहेब कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. स्फूर्ती कुणाची? दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन वकिलाची, जो पुढे बडा पुढारी झाला. त्याचं चरित्र साहेबांना तोंडपाठ!

मी विचारलं, “तो कधी पडला होता का?”

“सुरुवातीला पुष्कळदा, तात्या.”

“मग आपली सुरुवात झक्कास होणार!”

*

पहिल्याच दारात एक बाई म्हणाल्या, “माझं मत तुम्हालाच.”

दुसरा कुणी थँक यू म्हणून सटकला असता. आमचे साहेब म्हणाले, “मॅडम, घाई नको. आधी बाकीच्यांची पत्रकं वाचा.”

आणि ती स्वतःच्याच पिशवीतून काढून दिली!

*

साहेबांच्या पत्रकावर ठळक ओळ: ‘मी हॉल वाचवीन.’ खाली बारीक अक्षरांत अकरा अटी.

साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, लग्नाआधी एवढ्या अटी दाखवल्या असत्यात, तर मी कार्डिफहून आलेच नसते!”

*

एकदा मी आवाज बदलून फोन लावला. “मी मतदार बोलतोय. माझं लॉन कापून द्या, घरातली चारही मतं तुमची.”

“ही लाच झाली. रिपोर्ट करावा लागेल.” मग जरा थांबून, “आणि तात्या, तुमच्याकडे लॉन नाही. नुसती फरशी आहे.”

*

मतदानाच्या आदल्या दिवशी विरोधी उमेदवार चुकून साहेबांच्याच दारात मत मागायला आला. मी तिथेच होतो. म्हटलं, आता जुंपणार! पण साहेबांनी त्याला आत बसवलं, चहा-चकली दिली आणि हॉलवरून तासभर उलटतपासणी घेतली. बिचारा घाम पुसत गेला.

*

मोजणी झाली. साहेब एका मताने पडले!

घात केला कुणी? वहिनी माझ्याकडे रोखून बघायला लागल्या.

“वहिनी, शपथ! चेष्टा वेगळी, मत वेगळं. मी साहेबांनाच दिलंय.”

“मीही.” मग त्या सावकाश वळल्या. “अहो... आणि तुम्ही?”

साहेब चष्मा पुसायला लागले.

“हॉलबद्दलचा त्याचा मुद्दा माझ्यापेक्षा भक्कम होता.”