कस्तुराबाईचा डावा घोटा

करमाडमागच्या डोंगरात कस्तुराबाईच्या चालीला कुणाची सर नव्हती. नवरा त्रिंबक शेंद्र्याच्या एका कंपनीत चौकीदार, म्हणून मेंढरं तीच सांभाळायची. एडका भलतीकडं वळला की दगडावरून दगडावर पाय टाकत त्याला आडवी जायची.

एका साली पावसाळा सरता सरता तिनं पाण्याच्या चारीवरून उडी मारली आणि डावा पाय मुरगळला. हळदीचा लेप दिला, शेक दिला. सूज उतरली, कळ काही उतरेना. शेवटी त्रिंबकानं तिला शहरात क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं.

"बाई, घोट्यातल्या हाडावर कूर्चेची मऊ गादी असते," डॉक्टर म्हणाले. "तुमची एका जागी फाटलीय, खालच्या हाडालाही मार बसलाय."

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. फाटका भाग काढून, नवा थर धरावा म्हणून हाडाला बारीक भोकं पाडली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "वरची जखम लवकर भरेल, पण आतलं हाड वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. दुखो न दुखो, दरसाल येऊन एक्स-रेचा फोटो काढायचा. आणि मिश्री सोडा. तंबाखूनं हाड नीट भरत नाही."

पहिलं वर्ष कस्तुराबाईनं सगळं पाळलं. कुबड्या घेतल्या, मिश्रीचा डबा शेजारच्या सारजाबाईला देऊन टाकला. मेंढरं दीर कारभारीनं राखली. सालभरानं काढलेला फोटो बरा निघाला. पाय पूर्वीसारखा धावू लागला, तसं डॉक्टरांचं बोलणं मागं पडलं. मिश्रीही हळूच घरात परत आली.

दुसऱ्या साली त्रिंबकानं रजा काढली, मोटरसायकल दारात उभी केली.

"चल, दुपारपातूर माघारी येऊ."

"दुखत नाय तर कशाला दाखवायचं? चांगल्या पायातून रोग काढत्यात ते."

"दुखो न दुखो, असं म्हणले व्हते की."

"मग तुमीच जावा, तुमचा पाय दाखवून या," म्हणत ती हसली आणि मेंढरं घेऊन निघून गेली. पुढच्या सालीही त्यानं विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

बरीच वर्षं बरी गेली. मग सकाळी उठताना घोटा धरायला लागला. पुढं उतारावर पाय ठेवला की कळ मस्तकात जायची. तिनं बाम चोळला, पट्टी बांधली, पण त्रिंबकाला कळू दिलं नाही. त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. एक दिवस उतारावरच ती बसली ती उठेना. कारभारीनं पाठीवर घालून घरी आणली.

डॉक्टर तेच होते, केस पिकलेले. त्यांनी फोटो उजेडाला धरला. "गादीखालच्या हाडात पोकळी झालीय, वरचा भाग खचलाय. हे एकाएकी होत नाही. पोकळी लहान असताना दिसली असती तर हाड भरून पाहिलं असतं. आता सांधा कायमचा जोडावा लागेल."

"मिश्रीनं झालं का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"नुसत्या मिश्रीनं म्हणता येणार नाही. तुम्ही वेळेवर आला असता तरी कदाचित झालं असतं. पण आपल्याला कळलं तरी असतं."

हे 'कदाचित' तिच्या मनात रुतून बसलं. तुझीच चूक, असं ते सरळ म्हणाले असते तर ती रडून मोकळी झाली असती. त्रिंबक शेजारीच उभा होता. मी सांगत व्हतो, असं तो आता म्हणेल म्हणून ती मान खाली घालून बसली. तो वाकला, तिच्या चपला उचलल्या आणि दाराकडं चालू लागला.

सांधा जोडल्यावर दुखणं गेलं, पण घोटा वळायचाही थांबला. सपाटीला ती चालते, डोंगर मात्र सुटला. मेंढरं सिल्लोडकडच्या एका मेंढपाळाला विकली. आता बाकीच्या सांध्यांवर भार येतो, म्हणून तपासणीला ती न चुकता जाते.

"आधी सुचलं असतं तर," सारजाबाई एकदा बोलून गेली.

"व्हय," कस्तुराबाई एवढंच म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात तो मेंढपाळ कळप घेऊन करमाडच्या रानात उतरला. ऐकून ती त्रिंबकासंगं बघायला गेली. तिनं हाळी दिली तशा दोनचार म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. तेवढ्यात मेंढपाळानं डोंगरावरून शीळ घातली आणि सगळी मेंढरं चढणीला लागली.

चढण सुरू होते तिथवर कस्तुराबाई त्यांच्यामागं गेली. कळप दिसेनासा झाला तरी ती तिथंच उभी होती. शेवटी त्रिंबकानं हात पुढं केला आणि म्हणाला, "चल घरी."