रंगाची बाजू बाहेर

माझी वर्गमैत्रीण मार्ता काल स्टुडिओत तिचं चित्र चौकटीवरून उतरवत होती. वर्षभर आम्ही दोघी इथे शेजारी शेजारी उभ्या राहून रंगवत आलो. कॅनव्हास सुटल्यावर तिने तो जाड नळीवर गुंडाळला, तोही रंगवलेली बाजू बाहेर ठेवून.

"रंग खरवडेल ना," मी म्हणाले.

"आत घेतला तर चेपतो आणि तडकतो," ती म्हणाली. "बाहेर ठेवला तर नुसता ताणला जातो."

सोमवारी मला लिस्बनला जायचंय, पुढच्या वर्षाच्या शिक्षणासाठी. तिथली भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. घर सोडून इथे परदेशात येताना एवढी घाबरले नव्हते, कारण परकेपण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तिकीट काढल्यापासून घास उतरत नाही, आणि आईला मात्र मी रोज फोनवर "मजेत आहे" सांगते.

आईकडूनच शिकले हे. ती पैठणीची घडी घालते तीसुद्धा जरीची बाजू आत ठेवून, मलमलीत बांधून. तिची लग्नातली पैठणी तशीच कपाटात राहून घडीवर चिरली.

मीही माझं चित्र रंग बाहेर ठेवून गुंडाळलं. मग फोन लावला.

"आई, मला भीती वाटतेय."



"मलाही वाटते गं," ती म्हणाली. "तू गेलीस त्या दिवसापासून."