ज्याला काम म्हणत नाहीत

आमच्या सरकारी रुग्णालयात कमलताई वीस वर्षं आहेत. कागदोपत्री त्या सफाई कामगार, पण त्यांचा दिवस जातो नवजात बाळांच्या कक्षात. जुनी पदनामं बदलावीत म्हणून आमच्या कर्मचारी संघटनेनं अर्ज भरून घेतले, तेव्हा त्यांचा अर्ज मी लिहीत होते.

"प्रत्यक्षात काय काम करता?"

"बाळांना उबेत ठेवते. नव्या आयांना दूध पाजायला शिकवते." त्यांनी पदर सारखा केला. "ज्यांचं बाळ वाचत नाही, त्यांच्याजवळ बसते."

मी ते लिहिलं, तशा त्या ओशाळल्या. "खोडा हो ते. त्याला कुठं काम म्हणतात?"

मी खोडलं नाही. काही वर्षांपूर्वी त्याच कक्षात त्या माझ्याजवळही बसल्या होत्या, माझा हात धरून. अशा कामाची खूण कुठं उरत नाही. फक्त एक बाई पुन्हा उभी राहते.

पुढं पदनामांच्या बैठकीत रुग्णालयाचे मोठे साहेब तो अर्ज वाचू लागले आणि शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज उतरला. "हे कोणत्या पदात बसतं?"

मागून कमलताई उठल्या. "तेच विचारायला आलोय, साहेब."

साहेबांनी त्यांना समोर बसवलं आणि पेन उघडलं.